घराची सरासरी

नीना वाकणकर हॉस्पिटलात फार्मसिस्ट आहे. डॉक्टरांनी लिहिलेल्या डोसातल्या चुका ती शोधून काढते आणि त्या डॉक्टरांच्या स्वतःच्याच लक्षात आल्या असं त्यांना वाटू देते. इलिनॉयमधल्या आमच्या नेपरव्हिलमध्ये कुणाला विमानतळावर सोडायचं असेल, कुणाच्या आईला डोळ्यांच्या ऑपरेशनला न्यायचं असेल, तर आधी नीनाला फोन जातो. ती नाही म्हणत नाही. मी तिच्या वडिलांचा मित्र. टेलिफोन कंपनीत आम्ही पंचवीस वर्षं शेजारी बसलो. ते गेल्यापासून ती दर रविवारी मला फोन करते आणि माझ्या गोळ्यांची उजळणी घेते.

गेल्या वर्षी मार्चमध्ये तिची मुलगी अनिका हिला कॉलेजं दाखवायला ती निघाली. नवरा केदार ऑफिसच्या कसल्याशा सॉफ्टवेअर रिलीजमध्ये अडकला होता, म्हणून मला म्हणाली, "प्रल्हादकाका, चला ना. तुम्हाला लायब्रऱ्या बघता येतील." तीन दिवस, तीन विद्यापीठं, मागच्या सीटवर कानात इअरफोनची बोंडं घातलेली अनिका. मी गेलो.

लायब्रऱ्या हे निमित्त होतं, आणि खरं म्हणजे कॉलेजंसुद्धा. नीनाला बघायची होती ती घरं.

इथल्या विद्यापीठांत मुलींची मंडळं असतात. मंडळाचं नाव तीन ग्रीक अक्षरांचं, घर पांढऱ्या खांबांचं, आणि आत राहणाऱ्या सगळ्या एकमेकींच्या बहिणी. या बहिणी निवडून घेतलेल्या असतात. ऑगस्टात नव्या मुली चांगले कपडे घालून रांगेने घरोघरी जातात, हसतात, बोलतात, आणि आठवड्याच्या शेवटी ज्या घराला जी पसंत पडली तिला चिठ्ठी येते. आपल्याकडचा बघण्याचाच कार्यक्रम. फक्त पोहे नसतात आणि मुलगा नसतो.

१९९५ साली नीनाला अशी चिठ्ठी आली. नीना देवस्थळी, वय अठरा, जन्म इलिनॉयमधला, चष्मा, आणि बासष्ट मुलींच्या घरात एकटीच सावळी. तिने आईला फोन केला तेव्हा उल्कावहिनींनी एकच प्रश्न विचारला होता: "पण तुलाच का?" त्या प्रश्नावर नीना आईशी पंधरा दिवस बोलली नव्हती.

त्या घरात तिला एक 'मोठी बहीण' नेमून दिली गेली. हेदर. गेली तीस वर्षं ती नेमणूक चालू आहे. नीनाच्या लग्नात हेदर पैठणी नेसून, अक्षता चुकीच्या वेळी टाकून, सगळ्यांत जास्त रडली. दर थँक्सगिव्हिंगला ती नीनाकडे असते. अनिका तिला हेदरमावशी म्हणते.

पहिल्याच दिवशी, हायवेवर, नीनाने मला सांगितलं, "काका, आमच्याकडे प्रत्येक गोष्टीला कारण लागायचं. मार्क चांगले म्हणून कौतुक, मुलगी गुणी म्हणून लाड. आयुष्यात एकदाच मला कुणीतरी कारण नसताना निवडलं. नुसती मी आवडले म्हणून. अनिकाला पण ते मिळू दे, एवढंच वाटतं."

मागून अनिका म्हणाली, "मॉम, आय कॅन हिअर यू."

"ऐक मग," नीना म्हणाली.

आईच्या मंडळात मुलीला थोडं झुकतं माप मिळतं, आणि जुन्या सभासदाचं शिफारसपत्र लागतं. ते हेदर लिहिणार होती. मंडळाच्या शाखा देशभर आहेत. आमच्या तिन्ही विद्यापीठांत होत्या. सगळ्याच बहिणींची घरं, त्यामुळे कुठेही बेल वाजवली तरी आपलंच घर, असा नीनाचा हिशेब.

पहिल्या घराची बेल वाजवली. ओले केस, पायात मोजे, हातात सीरियलचा वाडगा अशी एक मुलगी दारात आली. नीनाने मंडळाचं गुप्त हस्तांदोलन केलं. ते गुप्त असल्यामुळे वर्णन करत नाही. करंगळीचा त्यात बराच सहभाग असतो एवढं मला फुटपाथवरून दिसलं. मुलीने आपला हात हळूच सोडवून घेतला आणि म्हणाली, "मॅम, आर यू ओके?" मग कळलं की दहा वर्षांपूर्वी ते बदललं. आता करंगळी नसते.

अनिका गाडीत खाली सरकून बसली.

दुसऱ्या घराच्या व्हरांड्यात तिघी झोपाळ्यावर बसल्या होत्या. नीना पायऱ्या चढेपर्यंत त्यातली एक अगदी गोड आवाजात म्हणाली, "इंटरनॅशनल स्टुडंट्सचं ऑफिस पुढच्या चौकात आहे, लाल इमारत." नीनाने थँक्यू म्हटलं. परत आली, गाडी सुरू केली आणि चौकापर्यंत गेल्यावर म्हणाली, "नवीन मुली आहेत. त्यांना काय माहीत. आपल्या घरी बघा उद्या."

"आपल्या घरी" म्हणजे तिसऱ्या विद्यापीठातलं तिचं स्वतःचं घर. दुसऱ्या दिवशी तिने निळा ब्लेझर घातला, मंडळाची सोन्याची पिन लावली. अनिका माझ्याकडे बघून मराठीत म्हणाली, "काका, प्लीज काहीतरी करा." मी काय करणार? मी पिन सरळ बसली आहे असं सांगितलं.

दार उघडलेल्या मुलीचं नाव मॅडिसन होतं. घराला पुढच्या वर्षी शंभर वर्षं होणार, त्याची स्मरणिका निघणार, आणि मॅडिसन घराची 'इतिहासकार' होती. वय एकोणीस. नीनाने या वेळी हात पुढे केलाच नाही. नुसतं नाव सांगितलं: नीना, लग्नाआधीची देवस्थळी, ९९ ची बॅच.

मॅडिसनने दोन्ही हात तोंडावर ठेवले. "ओ माय गॉड. यू आर *द* नीना?" आत वळून ओरडली, "गाइज! नीना आलीय! नीना!"

पाच-सहा जणी धावत खाली आल्या. एकीने नीनाला मिठी मारली. एक म्हणाली, "वी लव्ह यू." नीनाने वळून अनिकाकडे बघितलं. तिच्या लग्नाला मी होतो, अनिकाच्या बारशाला होतो. इतका खुललेला तिचा चेहरा मी त्या दोन्ही दिवशी पाहिला नव्हता. अनिकासुद्धा क्षणभर एखाद्या नटीची मुलगी असल्यासारखी ताठ उभी राहिली.

"आम्ही तुला तीन ईमेल पाठवल्या," मॅडिसन म्हणाली. "स्पॅममध्ये गेल्या असणार. पान तर तयार आहे, फक्त तुझी सही हवी. ये, दाखवते."

जेवणाच्या मोठ्या टेबलावर खोकी होती. त्या काळी प्रत्येक उमेदवार मुलीचं एक कार्ड असायचं. ती घर बघून गेली की बहिणी त्यावर शेरे लिहायच्या आणि मग मत द्यायच्या. ही कार्डं रीतीप्रमाणे त्याच वर्षी जाळायची असतात. ९५ साली कुणीतरी जाळायला विसरलं होतं.

मॅडिसनने प्लॅस्टिकच्या पाकिटातलं कार्ड नीनासमोर ठेवलं. मी पाठीमागे उभा होतो. कार्ड इंग्रजीत, मराठीत साधारण असं:

"नीना डी. (आडनाव लांब आहे.) शांत. फार काही बोलत नाही. पण शाळेत सगळ्यात A! आपल्या घराच्या मार्कांची सरासरी चारपैकी २.५८ आहे, डिसेंबरपर्यंत २.६ झाली नाही तर वर्षभर पार्ट्या बंद. हिला घेतलं तर सुटू. शिवाय पीत नाही आणि *गाडी आहे*. माझं मत हो, हो, हो."

'गाडी आहे'खाली दोन रेघा होत्या. खाली सही: हेदर.

"इझन्ट इट आयकॉनिक?" मॅडिसन म्हणाली. "त्या डिसेंबरला सरासरी बरोबर २.६० झाली! यू सेव्ह्ड द हाऊस." ती थट्टा करत नव्हती. तिला खरंच तो पराक्रम वाटत होता. "हेदरनेच आम्हाला हे शोधायला सांगितलं. ती स्मरणिका समितीवर आहे ना. म्हणाली, नीना हसून हसून लोळेल."

नीनाने कार्ड दोनदा वाचलं. डोस तपासताना ती असंच वाचते. एकदा शब्दांसाठी, एकदा आकड्यांसाठी. मग विचारलं, "सही कुठे?" मॅडिसनने संमतीपत्र पुढे केलं, पेन दिलं. नीनाने पेनाचं टोपण लावलं.

"नाही," ती म्हणाली. "छापू नका."

"ओह. टोटली," मॅडिसन म्हणाली. पाच-सहा जणींना एकदम आपापली कामं आठवली.

गाडीत बसल्यावर नीनाने किल्ली फिरवली नाही. हेदरला फोन लावला, स्पीकरवर. हेदर इंग्रजीतच बोलते. मी माझ्या सोयीने लिहितो.

"कार्ड बघितलंस?" हेदर हसत होती. "काय मजा ना! अगं, मागच्या खोलीत मी भांडले तुझ्यासाठी. त्यांना ती पियानोवाली हवी होती. मी म्हटलं, पियानोने सरासरी वाढत नाही."

"तू मला कधी सांगितलं नाहीस."

"काहीतरीच. मी सगळ्यांना सांगितलंय! माझी आवडती गोष्ट आहे ती."

"मला नाही सांगितलंस."

"नीन, तीस वर्षं झाली. त्यानंतरचं सगळं खरंच आहे ना? तुझ्या बाबांच्या वेळी मी दोन आठवडे तुझ्याकडे होते." ते खरं होतं. मीही तिथे होतो. हेदरने तेव्हा आम्हा सगळ्यांचा चहा केला होता, दूध वेगळं देऊन. "मूर्खपणा करू नकोस. अनिकाचं पत्र लिहून तयार आहे. वाचून दाखवू?"

आणि तिने वाचून दाखवलं. पत्रात अनिकाच्या मार्कांचा उल्लेख नव्हता. सहा वर्षांची असताना अनिकाने मेलेल्या चिमणीसाठी बुटांच्या खोक्यात जागा केली आणि सगळ्या गल्लीला बोलावलं, ते होतं. ती हरल्यावर समोरच्याचं मनापासून अभिनंदन करते आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडते, ते होतं. नीना सगळं ऐकत होती. मलाही ऐकावं लागलं. चांगलं पत्र होतं. वाईट असतं तर बरं झालं असतं.

"छान लिहिलंयस," नीना म्हणाली आणि फोन ठेवला.

मग आरशातून मागे बघत तिने विचारलं, "अनिका, तुला माहीत होतं?"

अनिकाने कानातली बोंडं काढली. घातलेली होती, पण चालू नसावीत. "मॉम... शी टेल्स इट एव्हरी थँक्सगिव्हिंग. तू टर्की बघायला आत जातेस तेव्हा."

"आणि बाबा?"

"ही डझ द व्हॉइस. 'गाडी आहे!' हे बाबाच आवाज काढून म्हणतात," अनिका म्हणाली. मग घाईने, "ते वाईट अर्थाने नसतं, मॉम. सगळे तुझ्यावर खूप..."

"कळलं."

"मला वाटलं तुला माहीत आहे. मला वाटलं, तो तुमचा जोक आहे."

नीनाने गाडी सुरू केली. पार्किंगमधून निघताना एका मुलीला रस्ता ओलांडू दिला, हात दाखवून. हायवेला लागल्यावर अनिका हळूच म्हणाली, "मग ते पत्र... कॅन शी स्टिल सेंड इट?"

"तुला तिथे जायचंय?"

"मला माहितीये ना ते लोक कसे घेतात. सगळेच तसे घेतात. कॉलेजपण. त्यांना काय हवंय ते कळलं की सोपं असतं, मॉम. आय डोन्ट माइंड."

या मुलीला कुणी कारण नसताना निवडावं म्हणून आम्ही सातशे मैल गाडी चालवली होती. तिला त्याची गरजच नव्हती.

"तुझं तू ठरव," नीना म्हणाली.

अनिकाने ठरवलं. हेदरने पत्र पाठवलं.

स्मरणिका या उन्हाळ्यात निघाली. संमती नव्हती म्हणून नीनाचं नाव काळ्या पट्टीने झाकलं होतं, कार्ड तेच. कायद्याच्या दृष्टीने काहीच चुकलं नव्हतं. समोरच्या पानावर त्या वर्षीच्या बासष्ट मुलींचे फोटो होते. त्यात काळी पट्टी कोणाची, हे ओळखायला इतिहासकार लागत नव्हता. केदारने अंक टेबलावर पाहिला आणि म्हणाला, "अगं, एवढं काय मनावर घेतेस? कौतुकच केलंय." त्यानंतर तो काही दिवस बेसमेंटमध्ये टीव्ही बघत झोपला, त्याची पाठ दुखते असं त्यांनी अनिकाला सांगितलं.

ऑगस्टात अनिकाला चिठ्ठी आली. तिने घरच्या ग्रुपवर फोटो टाकला: पांढरे खांब, पंधरा मुली, मधे ही. हेदरने सतरा लाल बदाम पाठवले. उल्कावहिनींनी, वय ब्याऐंशी, या वेळी काहीच विचारलं नाही, नुसतं "शाब्बास" लिहिलं. नीनाने वर केलेला अंगठा टाकला.

त्या रविवारी गोळ्यांची उजळणी झाल्यावर ती फोन ठेवेना. मी म्हटलं, "नीना, अठरा वर्षांची होतीस. तेव्हा सांगितलं असतं, मार्कांसाठी घेतोय, तर गेली नसतीस?"

"गेले असते, काका," ती म्हणाली. "त्याहून कमी कारण असतं तरी गेले असते. पण चार वर्षं दर शनिवारी, रात्री दोनला, तीनला, फोन आला की मी उठून त्यांना पार्ट्यांमधून आणायला जायचे. बर्फात. एकदा परीक्षेच्या आदल्या रात्री. मला वाटायचं, बहिणी आहेत. माहीत असतं ना, तर एखाद्या शनिवारी तरी मी झोपले असते."