न दुखणारी जागा

मोटार ड्रायव्हिंग शिकवणारे मास्तर कशाला भीत नसत. चढावर गाडी मागे घसरू लागली आणि शिकाऊ माणसानं स्टिअरिंग सोडून देवाचा धावा सुरू केला, तरी ते आपल्या बाजूचा ब्रेक दाबून शांतपणे म्हणायचे, चला, पुन्हा पहिल्यापासून. असा हा माणूस सुई दिसली की डोळे गच्च मिटायचा. साखरेचा आजार गोळ्यांना दाद देईना झाला तेव्हा डॉक्टरांनी इन्सुलिनचं पेन त्यांच्या हातात दिलं. मास्तरांनी ते जसंच्या तसं बायकोच्या हातात दिलं आणि त्यांच्यापुरता तो विषय मिटला.

बायको शिवणकाम करायची. नवं शिवण्यापेक्षा जुनं दुरुस्त करण्यात तिचा हातखंडा. पॅंटची लांबी कमी करणं, चेन बदलणं, अंग सुटलेल्या माणसाचा कोट अब्रू जाणार नाही इतपत सैल करून देणं. गल्लीत तिला सगळे मास्तरीणच म्हणत. तिनं पोटावर इथंतिथं टोचून पाहिलं आणि बेंबीच्या डाव्या अंगाला एक जागा हेरली. तिथं टोचलं की मास्तर हूं की चूं करत नसत. मग अकरा वर्षं सकाळ-संध्याकाळ तीच जागा. मास्तर शर्ट वर करून डोळे मिटायचे, ती काम उरकायची, आणि मग ते एक डोळा उघडून विचारायचे, "झालं?" गिऱ्हाइकाची मापं घेताना हे ती रंगवून सांगायची. आमच्या ह्यांना कळतसुद्धा नाही, म्हणायची. कुणाला दागिन्यांचा मान असतो, तिला ह्या सुईचा होता.

साखर मात्र हटत नव्हती. ज्या दवाखान्यात ते जायचे तिथले डॉक्टर रिपोर्टकडे बघायचे, मास्तरांकडे बघायला त्यांना सवड नसायची. आकडा चढलेला दिसला की डोस चढवायचे आणि पुढच्या पेशंटला हाक जायची. परत येताना मास्तरीण नवऱ्याला फैलावर घ्यायची. चोरून काय काय हाणलंत ते बऱ्या बोलानं सांगा. मास्तर शपथेवर सांगायचे की काही खाल्लं नाही. तिचा विश्वास बसायचा नाही, आणि कसा बसावा? औषध तर ती स्वतःच्या हातानं देत होती.

मग नव्या बुटानं पायाला एक फोड आला आणि तो बरा व्हायचं नाव घेईना. मास्तरांना मोठ्या हॉस्पिटलात ठेवावं लागलं. तिथं साखरेच्या पेशंटसाठी एक वेगळी नर्स होती, सगळे तिला साखरेची सिस्टर म्हणत. मास्तर पहिल्याच दिवशी तिचं कौतुक करू लागले. सिस्टर किती छान समजावतात, सिस्टरांनी दोन्ही पायांची बोटंन्‌बोटं तपासली, जेवणाचं ताट आल्याशिवाय सिस्टर इंजेक्शन देऊ देत नाहीत. मास्तरिणीच्या कपाळाला आठी पडली. कोण ही भवानी ते बघावं म्हणून दुसऱ्या दिवशी ती बरी साडी-बिडी न शोधता आहे त्याच कपड्यांत, हातातलं काम टाकून हॉस्पिटलात धडकली.

सिस्टर निघाली निवृत्तीला टेकलेली बाई. केस पांढरे, अंगानं आडवी, चष्म्याची दांडी चिकटपट्टीनं डकवलेली. मास्तरिणीला बरं वाटायला हवं होतं, पण उलटंच झालं. बाई देखणी असती तर निदान समजलं तरी असतं. ह्या ध्यानात असं काय आहे, की जो माणूस आपलं एक ऐकत नाही तो हिच्यापुढे पोरासारखी मान डोलावतो?

सिस्टरनं मास्तरांचा शर्ट वर करायला लावला आणि बोटांनी पोट चाचपायला सुरुवात केली. बेंबीच्या डाव्या अंगाला हात थांबला. तिनं मास्तरिणीला जवळ बोलावलं, तिची बोटं धरून तिथं टेकवली. मळलेल्या कणकेसारखी एक गाठ हाताला लागली. मास्तरीण इतकी वर्षं तिला पोटाची चरबी समजत होती.

"काकू, एकाच जागी टोचत राहिलं की असं होतं," सिस्टर म्हणाली. "ती जागा मरते. म्हणून दुखत नाही. आणि तिथं दिलेलं औषध अंगी नीट लागत नाही."

आवाजात ठपका नव्हता. तो असता तर मास्तरिणीला भांडता आलं असतं. अकरा वर्षं कुणा डॉक्टरानं त्या पोटाला हात लावला नव्हता, हे तिच्या मनात आलं. पण त्याच्यावर चिडायचं सोडून ती चिडली ती हात लावणारीवर. आपण जीव लावून केलेलं ह्या बाईनं दोन मिनिटांत मातीमोल केलं. वर सिस्टरनं पेन मास्तरांच्याच हातात दिलं, रोज जागा बदलायला शिकवलं, आणि मास्तरांनी चक्क डोळे उघडे ठेवून स्वतःच्या मांडीला टोचून घेतलं. टोचल्यावर हसले. ते सिस्टरकडे बघून हसले. मास्तरिणीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

पाय बरा झाला, मास्तर घरी आले, आणि घरात तिसरं माणूस राहायला आल्यासारखं झालं. सिस्टर म्हणाल्या अनवाणी फिरायचं नाही. सिस्टर म्हणाल्या औषध आता अंगी लागतंय, म्हणून डोस बराच कमी करायचा, जुन्या आकड्यावर जायचंच नाही. मास्तर आरशासमोर उभे राहून आपलं आपण टोचून घ्यायचे. साखर खाली येत चालली होती, आणि बायकोचा जळफळाट वाढत चालला होता. आकडा चांगला आला की तिला आनंद व्हायच्या आधी टोचणी लागायची. हा आकडा सिस्टरचा. आयत्या बिळावर नागोबा, असं ती शिवणयंत्राला ऐकवायची. मास्तरांशी तिचं बोलणं कामापुरतं उरलं होतं.

महिनाभरानं मास्तरांचा वाचायचा चष्मा फुटला. सकाळी पेनावरचा आकडा दिसेना, म्हणून त्यांनी तिला हाक मारली. ती अशी आली, जशी कुणी लग्नाचं बोलावणं आल्यावर येतं. त्यांनी शर्ट वर करून सवयीनं डोळे मिटले. त्या दिवशी साखर जरा चढलेली होती. मास्तरिणीच्या मनात आलं, सिस्टरच्या डोसानं हे असं. माझ्या हातून दिल्यावर संध्याकाळचा आकडा बघा कसा येतो. तो आकडा घेऊन ती स्वतः हॉस्पिटलात जाणार होती. तिनं पेन जुन्या डोसापर्यंत फिरवलं आणि पोटाच्या उजव्या, नव्या जागी सुई लावली.

"झालं?" मास्तरांनी एक डोळा उघडून विचारलं.

"झालं," ती म्हणाली, आणि खूप दिवसांनी हसली.

न्याहारी करून मास्तर कामावर गेले. बाजारपेठेच्या रस्त्यावर एका शिकाऊ बाईच्या लक्षात आलं की मास्तर काही बोलत नाहीयेत. वळून बघितलं तर त्यांना दरदरून घाम सुटलेला, मान कललेली. ब्रेक मारायच्या नादात तिनं गाडी दुभाजकावर चढवली. सुदैवानं कुणी चेंगरलं नाही. ज्यूसवाल्यानं त्यांच्या तोंडात चमच्याचमच्यानं साखरेचं पाणी घातलं, आणि लोकांनी त्यांना मोठ्या हॉस्पिटलात नेलं.

मास्तरीण पोहोचली तेव्हा ते पलंगावर उशीला टेकून बसले होते. चेहरा कागदासारखा पांढरा. सिस्टर शेजारी उभी राहून सकाळी डोस किती घेतला ते विचारत होती.

"माझीच चूक," मास्तर सांगत होते. "चष्मा नव्हता. अंदाजानं फिरवलं आणि टोचून घेतलं."

सिस्टर मास्तरिणीकडे वळली. "काकू, ह्यांच्यावर सोडण्यात अर्थ नाही. उद्यापासून इंजेक्शन तुम्हीच देत जा."

जे हवं होतं ते सिस्टरनंच तिच्या पदरात टाकलं होतं. नुसतं गप्प राहायचं होतं. नवऱ्यानं दोष आपल्या डोक्यावर घेतलेला, सुई परत आपल्या हाती, आणि हे सगळं खुद्द सिस्टरच्या तोंडून. मास्तरिणीनं ओठ घट्ट मिटले. मग तिचं लक्ष मास्तरांच्या हातांकडे गेलं. ते अजून थरथरत होते.

"मी दिलं," ती म्हणाली. "जुना डोस दिला. मुद्दाम. तुमच्यापेक्षा माझ्या हाताला गुण आहे हे दाखवायचं होतं मला."

सिस्टरनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग मास्तरांना विचारलं, "आणि तुम्हाला कळलं नाही?"

मास्तर चादरीशी चाळा करत राहिले. "कळलं. पेन फिरवताना टिकटिक होते ना. माझे डोळे मिटलेले असतात, कान थोडेच. टिकटिक थांबायची तिथं थांबलीच नाही."

"मग हात का नाही धरला तिचा?"

"महिनाभर ही माझ्याशी धड बोलली नव्हती, सिस्टर. सुई हातात घेताना तिचा चेहरा असा काही फुलला होता. म्हटलं, एक दिवस जास्त गेलं तर काय होतंय."

पहिल्यांदाच सिस्टरचा आवाज चढला. काय होतंय म्हणजे काय, गाडीखाली कुणी आलं असतं तर, तुम्ही तिथंच संपला असता तर, असं ती त्यांना फाडफाड बोलली. मास्तर मान खाली घालून ऐकत होते. मास्तरीणही ऐकत होती. ह्या बाईचं ऐकून हा माणूस जगायला शिकला होता, आणि आपलं मन राखायला मरायला निघाला होता. महिनाभर जिच्याशी चढाओढ केली तिच्यावर मात झाली होती, आणि मास्तरिणीच्या अंगावर काटा आला.

सिस्टरचं बोलून संपलं तशी मास्तरीण पुढे झाली.

"आणखी एक सांगा ह्यांना," ती म्हणाली. "माझं मन राखत बसू नका म्हणावं. मी सांगून ऐकायचे नाहीत. तुमचं ऐकतात."