जॅकेटातला हिरवा दोरा

नाचणगावच्या उन्हात चामड्याचं जॅकेट घालणारा माणूस एक तर खुळा, नाहीतर सर्कसवाला. मला लोक दोन्ही म्हणत. म्हणोत बापडे. पन्नास सालानंतरची गोष्ट. मी पुलगावला कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होतो आणि तिथल्या बाजारात एक व्यापारी लिलावात घेतलेला लढाईचा माल आणायचा. बूट, पाण्याच्या बाटल्या, घोंगड्या, आणि गठ्ठ्यात बांधलेली विमानवाल्यांची जॅकेटं. तपकिरी, जाड, गळ्याला लोकर. बुरशीचा वास असा की नाक धरावं. पण पाहिलं आणि मी पाघळलोच.

कारण होतं. माझा थोरला भाऊ लढाईत विमानदलात गेला होता. एकदाच सुटीवर आला तेव्हा असंच जॅकेट अंगात. साऱ्या गावानं हात लावून पाहिलं. वावरात जाताना बाभळीच्या कुंपणात बाही अडकली आणि काखेजवळ टरकन फाटली. तेव्हा वैनीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, पोलकं शिवायचा हिरवा दोरा घेऊन ती शिवून दिली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तो हसून म्हणाला, "आता साहेब विचारीन, हे कोणत्या पलटणीचं निशाण होय म्हणून!" मग तो गेला, आणि काही महिन्यांनी तार आली. ब्रह्मदेशाकडे गेलेलं विमान परतलं नव्हतं. तारेत मेला असं नव्हतं, बेपत्ता असं होतं.

त्या एका शब्दानं आमचं घर ना इकडचं ठेवलं ना तिकडचं. बाबा, म्हणजे वैनीचे मामाजी, शाळामास्तर, नियमाचे पक्के. ते म्हणत, "बारा वर्षं वाट पाहू. त्याच्या अगोदर काही खूण सापडली, नुसता अंगावरचा कपडा सापडला, त तवाच क्रिया करून टाकू." क्रिया म्हणजे पळसाच्या पानांचा माणूस करायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. प्रेत मिळालं नाही की आमच्यात तसंच करतात. क्रिया झाली की वैनीचं कुंकू गेलं. संक्रांतीला तिला हळदीकुंकवाला बोलावणाऱ्या बायाच पाठ वळल्यावर कुजबुजायच्या, "नवऱ्याचा पत्ता नाई, अन् कपाळ पाहा कसं भरलं!" आग लागो त्यांच्या जिभेला.

तर पहिलं जॅकेट मी निव्वळ शौकाखातर घेतलं. वैनीनं दारातच हातातून घेतलं. "अगोदर उन्हात टाकू द्या भाऊजी, कसं वास मारून राह्यलं ते!" दोन दिवसांनी एरंडेल चोळून, उसवलेलं शिवून तिनं परत दिलं. घालून आरशात पाहिलं तर माझ्याच मापानं बेतल्यासारखं. आईनं पाठमोरं पाहिलं आणि पदर डोळ्याला लावला. "थेट थोरला रे माह्या!"

आईच्या त्या रडण्यानंच माझ्या डोक्यात किडा शिरला. व्यापारी सांगायचा, हा माल ब्रह्मदेशाकडून येतो, मग त्याचंही जॅकेट कधीतरी येईल. हिरवा दोरा दिसला की ओळखू. व्यापाऱ्याकडून कळेल माल नेमका कुठला, मग तिथल्या लोकांना विचारू, कोण जाणे कैदेत असेल, दवाखान्यात असेल. बाबांचं ते कपड्याचं बोलणं मी म्हाताऱ्याचा हेका म्हणून सोडून दिलं. मला जिता भाऊ पाहिजे होता.

त्यानंतर नवा गठ्ठा सुटला की मी हजर. एकेक बाही उलटीपालटी करून पाहायचो. फाटकं, शिवलेलं दिसलं की घेतलंच, न जाणो काही सुटलं असेल. घरी आणलं की वैनी अगोदर उन्हात टाकणार, मग तेल लावणार. देवघराकडून चामडं न्यायचं नाही म्हणून आईनं मागच्या पडवीत खुंट्या ठोकून घेतल्या, त्याही भरल्या. पण अंगात घालायला मला आपलं पहिलंच लागायचं. दुसरी कोणती तशी बसायची नाहीत.

एकदा वैनी तेलाची वाटी खाली आपटून म्हणाली, "काऊन आणता हे भाऊजी? पुरे करा आता."

माझं डोकंच फिरलं. "तुमच्याचसाठी मरून राह्यलो ना मी! तुम्हाले नको काय तो?"

 ती वाटी उचलून पुन्हा तेल लावायला बसली. मी आठ दिवस तिच्याशी बोललो नाही.

बारा वर्षं भरली. माघातली थंडी होती. बाबा आणि भटजी वर्धा नदीवर पुढे गेले होते, मी मागून पळसाच्या पानांचा भारा घेऊन निघालो. सवयीनं जॅकेट अंगात होतं. वैनी दारात उभी होती, कपाळावर कुंकू ठसठशीत.

"ते काढा भाऊजी. त्यायच्यावर पांघरा."

"खुंटीवरचं नेतो न एखादं. हे माह्यं हाये."

"नाई. हेच त्यायचं."

तिनं डावी बाही वर उचलून काख दाखवली. तपकिरी दोऱ्याचे बारीक टाके होते, तिनंच घातलेले. त्यांच्या शेजारी सुईच्या भोकांची आणखी एक ओळ होती, रिकामी. चामड्याची भोकं काही बुजत नाहीत. एका भोकात हिरवा धागा अडकून राहिला होता, तिळाएवढा.

"कधी कळलं तुम्हाले?"

"तुम्ही आणलं त्याच दिवशी. उन्हात टाकलं अन् हिरवा दोरा उसवला."

"अन् मले गावभर नाचवलं? इतके वर्षं? सांगता नाई आलं एका शब्दानं?" मी ओरडत होतो. आई आतून धावत आली.

वैनीचा आवाज चढला नाही. "तुम्ही शोधून राह्यले होते, तवरिक ते नुसते हरवले होते भाऊजी. सापडलं म्हणून सांगितलं असतं, त मामाजींनी त्यायले त्याच दिवशी मारलं असतं."

भटजी म्हणाले, चामडं चालायचं नाही. बाबांनी ती बाही हातात घेतली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "राहू द्या. थंडी हाये." पानं भसाभस जळून गेली. जॅकेट आक्रसत, धुमसत राहिलं. मी सदऱ्यावर कुडकुडत उभा होतो आणि मला एकच आठवत होतं. इतके हिवाळे मी तिच्या नवऱ्याचं जॅकेट घालून तिच्यासमोर वावरलो, आणि दर हिवाळ्याच्या तोंडाशी ते माझ्या अंगावरून मागून घेऊन ती त्याला तेल लावत बसायची.