दोनवर आलं की किल्ली देतो

महानंदावहिनींचा फोन आला तेव्हा मी शाळेला निघालो होतो. "मास्तर, हे गेले वो... चहा पिऊन कप खाली ठेवला आन् गेले," एवढंच त्या बोलल्या. त्यावर माझ्या तोंडून जे निघालं, ते आज सात आठवडे झाले तरी मनातून जात नाही. मी म्हणालो, "असं कसं वहिनी? काल तर तीनवर आलं होतं." तीन हा अण्णांच्या कानात सतत वाजणाऱ्या आवाजाचा आकडा होता. माणूस हृदय बंद पडून गेला होता आणि मी त्याच्या कानाचं बोलत होतो. पलीकडून फोन बंद झाला...

मल्लिनाथअण्णा सोलापुरात बाळीवेशीजवळ पेट्या दुरुस्त करायचे. पेटी म्हणजे हार्मोनियम. मी तेवीस वर्षांचा असताना एक जुनी पेटी घेऊन त्यांच्या दुकानात गेलो, तेव्हापासूनची ओळख. दहा बाय दहाची खोली, भिंतीला टेकवलेल्या पेट्या, पितळेचा बारीक कीस आणि मध्ये सतरंजीवर अण्णा. रीड, म्हणजे सुराची पितळी जीभ, कानाजवळ धरून तिच्यावरून कानस एकदा, अगदी हलकी फिरवायची, पुन्हा वाजवायची. दोन रीड एकत्र वाजवल्यावर सूर थरथरला की त्यांची मान नकारार्थी हलायची. थरथर थांबली की ते पुढची पट्टी घेत. माझी पेटी परत देताना म्हणाले होते, "मास्तर, पेटी चांगली हाय. तुमी जपून वाजवा, तिला त्रास हुईल." घरात कानडी, दुकानात मराठी आणि चेष्टा दोन्हींत. माझ्याहून तेरा वर्षांनी मोठे होते, पण मी शाळेत शिकवतो म्हणून मला कायम 'तुमी' म्हणाले.

दीड वर्षापूर्वी मी दुकानात गेलो तर अकरा पेट्या उघड्या पडल्या होत्या. अण्णा गुडघ्यांवर वाकून एकेकीला कान लावत होते. "कुठल्यातरी पेटीची रीड अडकलीया, चार दिस झाले शिट्टी मारायलीया. भात्यात हवा न्हाई तरी वाजतीच कशी?" मला काही ऐकू येत नव्हतं. तसं मी सांगितल्यावर ते हसले. "तुमाला कधी ऐकू येतंय?" मग ते बाहेर रस्त्यावर गेले, तिथे बराच वेळ उभे राहिले आणि परत आले तेव्हा हसत नव्हते. "मास्तर, ती बाहीर पण यायलीया की..." पेटीतली शिट्टी स्वतःच्या डोक्यात आहे हे ज्या क्षणी त्यांना कळलं, त्या क्षणाचा त्यांचा चेहरा मी पाहिला आहे. ज्या कानांवर त्यांनी घर चालवलं, पोराला इंजिनियर केलं, त्याच कानांनी त्यांना दगा दिला होता.

त्यांचा मुलगा पुण्यात. वहिनी मला म्हणाल्या, "तुमी शिकलेले, तुमीच बघा." मी बघितलं. वाचलं, विचारलं, होटगी रोडवरच्या एका दवाखान्यात कान तपासणाऱ्या मॅडम भेटल्या. तिशीतल्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी यंत्रातून एकेक स्वर ऐकवत कानातल्या आवाजाची उंची शोधायला घेतली. इतरांना याला खूप वेळ लागतो म्हणे. अण्णा बोट वर करत गेले, "वर... अजून वर... लई झालं, थोडं खाली... बस." मॅडमनी दोनदा पडताळलं, दोन्ही वेळा बोट तिथेच थांबलं. मग त्यांनी उपचार समजावला. रुग्णाच्या आवडीचं संगीत घ्यायचं, त्यातून नेमका त्या उंचीचा आवाज गाळायचा आणि ते रोज दोन तास, हलक्या आवाजात, काही महिने ऐकायचं. "हा आवाज कदाचित पूर्ण जाणार नाही. मेंदू त्याच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. काहींना फरक पडतो, काहींना नाही," असं त्या स्वच्छ म्हणाल्या. फार मोठ्या आवाजापासून जपा, शांत खोलीत एकटे बसू नका, आवडीच्या कामात राहा, असंही म्हणाल्या. यातलं मी फक्त पहिलं ऐकलं.

तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला उपचार हाही अभ्यासक्रम वाटतो. मी एक वही केली. रोज संध्याकाळी सहाला जाऊन विचारायचं, "अण्णा, आज किती?" दहा म्हणजे असह्य, शून्य म्हणजे काहीच नाही. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "नऊ. आमचं कान म्हंजे तुमच्या वर्गातलं पोरगं हाय व्हय? रोज मार्क द्यायलासा." मी हसलो आणि नऊ लिहिले. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी हेडफोन काढून माझ्या हातात दिला. "मास्तर, ह्यातला माणूस पेटी चांगली वाजवतोय, पर त्येच्या सुराची धार कुणीतरी काढून घेतलीया. भाकरी हाय, मीठ न्हाई. दोन तास कसं ऐकू? साकू." साकू म्हणजे कानडीत पुरे. मी म्हणालो, "अण्णा, औषध कडूच असतं." मी स्वतः ते ऐकलं होतं. मला त्यात काहीही कमी वाटलं नव्हतं, म्हणून त्यांचंही मला खरं वाटलं नाही. ज्यांच्या कानावर सगळं सोलापूर विश्वास ठेवायचं, त्यांच्यावर मी ठेवला नाही.

आणि मग मी ते केलं. रीड कानाशी धरून वाजवण्यानेच कान गेले असणार, असं मी स्वतःच ठरवलं. दुकान बंद ठेवायला सांगितलं. ते ऐकेनात म्हणून वहिनींकडून दुकानाची किल्ली मागून घेतली. अण्णा माझ्यासमोर उभे राहिले. "मॅडम असं म्हणाल्या न्हवत्या." "मी म्हणतोय," मी म्हणालो. "अवो, सूर लावताना ती शिट्टी गप बसती. तेवढाच वेळ गप बसती की..." हे वाक्य मी जसंच्या तसं लिहितो आहे, कारण ते त्यांनी अगदी स्पष्ट म्हटलं होतं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि वर्गात हट्टी पोराला सांगावं तसं म्हणालो, "दोनवर आलं की किल्ली देतो."

आठ महिने. नऊचे आठ झाले, आठावर महिनाभर थांबलं, मग सात. मध्येच एकदा पुन्हा आठ, मग सहा. मी शिक्षकखोलीत ती वही दाखवायचो. तीन महिन्यांनी मॅडमनी बोलावलं, तेव्हा परीक्षा चालू होत्या, अण्णांना रिक्षाने नेणं-आणणं जमेना, म्हणून मी एकटाच वही घेऊन गेलो. त्या म्हणाल्या, "आकडे छान आहेत. पण पुढच्या वेळी त्यांना आणा. मला त्यांच्याशी बोलायचंय." पुढची वेळ मी येऊ दिली नाही. सगळं नीट तर चाललं होतं. अण्णा शांत झाले होते. खिडकीशी खुर्ची, कानांवर हेडफोन, हात मांडीवर उपडे ठेवलेले. ते चेष्टा करेनासे झाले होते, हे मला दिसत होतं. त्याला मी 'बरं वाटणं' असं नाव दिलं होतं.

दहावं-तेरावं उरकल्यावर मी वहिनींसमोर बसलो होतो. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून म्हणालो, "निदान कानाचा त्रास तरी कमी झाला होता, वहिनी." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, "मास्तर, तुमी मनाला लावून घिऊ नका. पर ते कमी झालंच न्हवतं. पहिल्या दिवसापासनं नऊच होतं." मला आधी कळलंच नाही. "तुमी दोनवर किल्ली देतो म्हणलासा न्हवं? म्हणून हे एकेक उतरवत न्यायचे. मी म्हणायची, एकदम दोन सांगून टाका की. तर म्हणायचे, मास्तर हुशार हाय, वळखंल. मधी एकदा वर पण न्यायला पायजे, म्हंजे खरं वाटतंय." त्या किंचित हसल्या. त्यांच्या माणसाच्या हुशारीचं त्यांना कौतुकच होतं. "गेले त्येच्या आदल्या दिवशी तीन सांगितलं. म्हणाले, आता दिवाळीपतुर दुकानात."

ते कामावर परत जाण्यासाठी आकडा खाली आणत होते आणि आकडा खाली येतोय म्हणून मी त्यांना कामावर जाऊ देत नव्हतो. त्या उपचाराबद्दल माझी तक्रार नाही. दवाखान्यात एक बँकेतले गृहस्थ भेटले होते, त्यांना वर्षभरात खरंच आराम पडला होता. अण्णांनाही कदाचित पडला असता, कदाचित नसता. पण ज्या एका गोष्टीने त्यांच्या कानातली शिट्टी गप्प बसत होती ती मी कुलपात घातली, आणि ती त्यांनी मला सांगितलीही होती. त्यांचं हृदय त्यामुळे थांबलं नाही, असं डॉक्टर म्हणतात. मी ते मान्य करतो. त्याने मला काही सुटल्यासारखं वाटत नाही.

गेल्या रविवारी मोडनिंबच्या भजनी मंडळाचे एक गृहस्थ आले. त्यांची पेटी अण्णांकडे दहा महिने पडून होती. "दुसरीकडे नेली नाही का?" मी विचारलं. "अण्णा बरं झाल्यावर लावतील म्हणलं." किल्ली अजून माझ्याकडेच होती. आम्ही दुकान उघडलं. त्यांची पेटी सतरंजीवरच होती, झाकण काढलेली, शेजारी कानस. त्यांनी धूळ फुंकली, भाता उघडला आणि म्हणाले, "तुमी वाजवतासा न्हवं? बगा की, किती सूर लागल्यात." मी एकेक पट्टी दाबत गेलो. खालचं सप्तक स्वच्छ. मधल्या सप्तकाचा सा, रे, ग, म... सगळे सरळ, न थरथरता. पंचमही लागलेला. पुढची पट्टी दाबली आणि सूर थरथरायला लागला. तिथून वरपर्यंत सगळेच थरथरत होते. एवढं माझ्याही कानाला कळत होतं. दुरुस्त करता येत नव्हतं.

मी म्हणालो, "पंचमापर्यंत लागलीय."

त्यांनी झाकण बसवलं, पेटी उचलून खांद्यावर घेतली. "आसू द्या. अण्णांचा हात तितपतुर हाय न्हवं? पुढं कुणाला लावायला देत न्हाई. आमी पंचमाच्या खालचीच भजनं म्हणू."

ते गेल्यावर मी सतरंजीवर बसून राहिलो. खोली अगदी शांत होती. अशा शांततेत बसू नका, असं मॅडम अण्णांना म्हणाल्या होत्या.