लढाईचे चित्र काढावे

नगर कचेरीच्या पेंटरकाकांचं अक्षर मोत्यासारखं. ‘थुंकू नये’, ‘रांगेत उभे राहावे’, ‘साहेब बैठकीत आहेत’, सगळं त्यांच्याच हातचं. पण तीस वर्षं एकच गोष्ट मनात सलत होती. खाली आपलं नाव टाकलेलं एक तरी चित्र चारचौघांना दिसेल अशा भिंतीवर असावं. निवृत्तीला दोन महिने उरले आणि टेबलावर कागद आला: ‘दर्शनी भिंतीवरील लढाईचे चित्र काढावे.’

काका हरखून गेले. भिंतीवर पूर्वी काहीतरी होतं म्हणे, पण धुराने आणि ओलीने ते इतकं काळवंडलं होतं, की काकांना ते नुसते पोपडेच वाटत. त्यांनी ते खरवडले, पांढरा हात दिला आणि कोळशाने सैन्य आखायला घेतलं.

पंचाईत अशी, की काकांनी जन्मात कोणावर हात उगारलेला नव्हता. लढणारी माणसं आणायची कुठून? मग ओळखीचेच चेहरे कामाला आले. दुपारी काकू डबा घेऊन आल्या आणि भिंतीकडे बघतच राहिल्या.

“अहो, हा आपला दूधवाला ना? आणि त्याच्या तलवारीखाली माझा भाऊ?”

“लढाई आहे. कोणीतरी मरायलाच हवं.”

“देवाने घडवलेली माणसं, तुम्ही कोण मारणारे? आणि मारायला बरा माझाच भाऊ सापडला तुम्हाला.”

काकू डबा न उघडताच बसून राहिल्या. काकांना भूक सहन होईना. त्यांनी दूधवाल्याच्या चपलेचा अंगठा तोडला आणि त्याला तो जोडायला बसवलं. मेहुण्याला हरवलेला चष्मा शोधायला लावलं. सेनापतीचं शिरस्त्राण डोक्यात अडकलं, ते ओढायला दोन्ही बाजूंचे सैनिक जमले. तेव्हा कुठे डबा उघडला.

आठव्या दिवशी साहेब आले आणि जिन्याशीच थबकले. लोक इथे भांडणं मिटवायला येतात, त्यांना आल्या आल्या तलवारी दिसू नयेत, म्हणून जुनं चित्र काढायला सांगितलं होतं, असं ते म्हणाले.

“काढलंय की, साहेब.”

“काढा म्हणजे काढून टाका हो, काका.”

काकांचा चेहराच उतरला. म्हणजे हुकूम खरवडण्यातच पुरा झाला होता, पुढचे सात दिवस फुकट. साहेबांनी संध्याकाळपर्यंत भिंत पांढरी करायला सांगितली. काकांनी ब्रश बुडवला, पण हात वर जाईना. रंग बुटावर ठिबकत राहिला.

साहेब मात्र हलले नव्हते.

“हा कोपऱ्यातला तलवार का उपसत नाही?”

“त्याचा घोडा बसलाय. तो उठल्याशिवाय सुरू करायचं नाही, असं ठरलंय त्यांचं.”

“आणि उठला तर?”

“नाही उठायचा. मला उभा घोडा जमत नाही.”

साहेब पायरीवर बसले आणि खांदे हलवत हसले. मघापासून खिडकीशी शेताच्या बांधावरून एकमेकांवर ओरडणारे दोन भाऊही वळून बघायला लागले, आणि शिरस्त्राण निघेल की नाही यावर त्यांचं नवीनच जुंपलं. निदान बांधावरून तरी नव्हतं.

“खाली नाव टाका,” साहेब म्हणाले आणि त्याच कागदावर शेरा मारला: ‘चित्र ठेवावे. घोडा उठवू नये.’