काळी मांजरी आणि लॉरीचं चाक

आमच्या भागात मांजर कुणी मारत नाही. विचारा कुणालाही. मांजर मारलं की मोठं पाप लागतं, काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मग नको झालेल्या मांजराचं आमची माणसं काय करतात? त्याला खताच्या पोत्यात घालतात, तोंड सुतळीनं आवळतात आणि पोतं मन्नाएखेळ्ळीला हायवेवर नेऊन ठेवतात. लॉऱ्या येतच असतात. पाप लॉरीवाल्याला. आपण कडेला उभं राहून चहा प्यायचा.

हे ऐकीव नाही. माझ्या डोळ्यांदेखत झालंय.

मी नौबादला राहते. रस्त्यावरची कुत्री-मांजरं सांभाळते, त्यांना घरं शोधते, अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं वाटते आणि पत्रकाचा बोळा करणाऱ्यांशी तिथल्या तिथं भांडते. एकदा गटारातून मांजराची पिल्लं काढली. पांढरं लगेच गेलं, ठिपक्याठिपक्यांचंही गेलं. काळी मांजरी तेवढी राहिली. तिला नाकारणारे अडाणी नव्हते हो, सगळे पगारदार! एका मास्तरीणबाईंनी मोबाइलवर फोटो बघून विचारलं, "जरा उजळ न्हाई का?" जसं काही स्थळच बघायल्यात. शेजारचे साहेब म्हणाले, "आमचा असल्यावर विश्वास न्हाई. पण पोरीला बघायला पाहुणे येणार हायेत. कामून रिस्क घ्यायची?"

शेवटी आत्यानं नेली. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. निर्ण्याला असते. नवरा वारलेला, पोरबाळ नाही, दिराच्या घरातच राहते. तिच्या तुरीच्या पोत्यांना उंदरांनी भोकं पाडली होती. मी विचारलं, "आत्या, काळी चालती का?"

"मला काय तिला सून करायचीय? उंदीर धरती का ते सांग."

धरत होती. आत्या शेताला निघाली की बांधापर्यंत मागं मागं जायची, हाक मारली की ओ दिल्यासारखी ओरडायची. त्या घरात आत्याशी दुसरं कुणी धड बोलत नव्हतं, तेही सांगून टाकते.

दिराला मी मामा म्हणते. मामाला मांजरी पहिल्यापासून डोळ्यांत सलायची. "सकाळी उठलं की दारात काळं तोंड!" असं म्हणायचा. आत्या म्हणायची, "भावजी, मग आरशात बघायचं सोडा."

वेळा अमावास्येला मी तिथं होते. त्या दिवशी आमच्याकडं सगळं घर शेतात जेवतं. कडब्याची कोपी उभारायची, आत पांडव म्हणून दगड मांडायचे, पूजा करायची. घरच्या कर्त्यानं घोंगडी पांघरून ताकातल्या अंबिलाचं मडकं डोक्यावर घ्यायचं आणि सगळ्यांच्या पुढं चालायचं. कोपीपाशी पोचेपर्यंत मडकं खाली टेकवायचं नाही, अशी आमच्यात रीत. मामी पोरांना घेऊन मागून येणार होती. मामा पुढं, त्याच्यामागं भज्जीचं, म्हणजे मिसळीच्या भाजीचं, पातेलं घेऊन आत्या, शेवटी भाकरीची टोपली घेऊन मी. मांजरी ज्वारीतून कडेकडेनं येत होती. मध्येच तिनं उडी मारली आणि मामाच्या समोरून पलीकडं गेली.

"आडवी गेली!" मामा जागीच थांबला.

अशा वेळी दुसऱ्या कुणाला तरी पुढं काढायचं, म्हणजे अपशकुन त्याच्या डोक्यावर जातो. मामा वळून म्हणाला, "वहिनी, तुम्ही व्हा पुढं." लगेच म्हणाला, "न्हाई न्हाई, तुम्ही नको." विधवेनं पुढं होणं त्याहून वाईट. आत्याचं तोंड असं झालं, की माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी टोपलीसकट पुढं झाले. "ही बघा, गेले मी! चला आता!"

"तुझं चालत न्हाई. माहेरच्या पोरीचं धरत न्हाईत."

म्हणजे अपशकुनालासुद्धा माणूस पारखून लागतो! मामानं सरळ वाट सोडली आणि वळसा घालायला पाटाच्या बांधावर चढला. हरभऱ्याला पाणी सोडलेलं, बांध ओला. पाय सटकला. मडकं फुटलं, वर्षाचं अंबिल चिखलात गेलं. मांजरीनं नाही फोडलं. याच्या वळशानं फोडलं.

आणि ती बिचारी ताकाच्या वासानं परत आली आणि सांडलेलं चाटायला लागली.

पहिली लाथ बरगडीत बसली. तो आवाज मी ऐकला, ओली फांदी मोडावी तसा. मग काठी. पाठीवर, मागच्या पायांवर, परत पाठीवर. मी त्याच्या हाताला लोंबकळले, तर त्यानं कोपर हाणलं. माझा ओठ फुटला. आत्या मांजरीवर पालथी पडली. त्यानं वहिनीला दंडाला धरून बाजूला ओढलं आणि मांजरीला शेपटीनं उचलून बांधाच्या दगडावर आपटलं. ती अजून ओरडत होती. ते ओरडणं मांजराचं वाटत नव्हतं.

"एकदाचं मारून तर टाका!" मी किंचाळले.

तो धापा टाकत म्हणाला, "मी कामून मारू? मांजर मारायचं पाप मी न्हाई घेणार."

युरियाचं पोतं, सुतळी, मोटारसायकल. मी आत्याला स्कूटीवर घेतलं आणि मागं लागले.

आम्ही मन्नाएखेळ्ळीला पोचलो तेव्हा पोतं रस्त्याच्या मधोमध होतं आणि मामाच्या हातात चहाचा ग्लास. आत्या स्कूटी थांबायच्या आत उतरली आणि हायवेवर धावली. समोरून लॉरी. ब्रेक असे करकचून लागले, की टपरीवरची सगळी माणसं उठली. लॉरी पोत्याच्या अलीकडं थांबली.

ड्रायव्हर शिव्या देतच खाली उतरला. "कौन रखा रे ये? मेरे हाथ से पाप कराते क्या?" त्यालाही सगळं ठाऊक होतं.

आत्यानं सुतळी दातांनी सोडली. मांजरी मेलेली होती. तोंडातून रक्त आलेलं, नख्या पोत्याच्या विणीत अडकलेल्या. शेवटपर्यंत ती पोतं फाडत होती.

ड्रायव्हर घाबरला. लोकांना हाताला धरून चाकाजवळ न्यायला लागला. "देखो भाई, चक्का लगा क्या? सब देखो!" आणि लोक खरंच वाकून बघायला लागले. "न्हाई लागलं, हातभर लांब हाय." "टायरवर रक्त न्हाई." कुणी म्हणालं, "मग पाप कुणाचं?" एकानंही विचारलं नाही, की मांजरीनं काय केलं होतं.

मामाचा चेहरा उतरला. "पोत्यात घातली तवा जित्ती होती," तो म्हणाला.

"मग कशानं मेली, भावजी?" आत्या रस्त्यात बसूनच बोलली. "लॉरी तर लागली न्हाई."

मी जवळ जाऊन मामाच्या कानाखाली वाजवली. वडीलधाऱ्यावर हात टाकला म्हणून सगळी टपरी माझ्यावर धावून आली. पोतं रस्त्यावर पडलं होतं तेव्हा यातला एकही जागचा हलला नव्हता. मार मलाही पडला. पडू दे.

आत्यानं मांजरीला पदरात नेलं आणि आपल्या हिश्श्याच्या रानात पुरलं.

मामा गावातल्या स्वामींकडं गेला. त्यांनी स्वस्तातला तोडगा काढला. काशी नको, सोनं नको, चांदीचं छोटं मांजर करा, घरातल्या सगळ्यांचे हात लावून दान द्या. मामानं बीदरहून मांजर करून आणलं. मामीनं हात लावला, पोरांनी लावला. आत्यासमोर ठेवलं, तर ती म्हणाली, "हिला उंदीर धरायला सांगा. मग लावते."

मग तिची मनधरणी सुरू झाली. तिच्याशी न बोलणारं ते घर आता दिवसभर बोलतं. "वहिनी, जेवलाव का? वहिनी, तेवढा हात लावा." परवा मामानं मलाच फोन केला. आवाज पडलेला. "तू सांग तिला. तुझं ऐकती ती. मला झोप लागंना गं."

मी म्हणाले, "मामा, पाप-बिप काही नसतंय. असतं तर दान देऊन सुटला असताव. तुम्ही तिला मारलाव. त्यातून सुटायला चांदी कशी पुरंल?"

त्यानं फोन ठेवला. मी आत्याला काही सांगितलं नाही, सांगणारही नाही. चांदीचं मांजर देवळीत पडून आहे, आणि आत्या त्याच्या आजूबाजूचीच धूळ पुसते.