रोवण्याच्या गाण्यातली शहापूरवाली

मी जुन्या कॅसेट संगणकावर उतरवते. सध्या हातात आहेत त्या पवनीजवळच्या एका निवृत्त गुरुजींच्या. ऐंशीच्या दशकात शाळा सुटली की ते सायकलला टेपरेकॉर्डर बांधून शेतावर जात आणि रोवणा करणाऱ्या, म्हणजे धान लावणाऱ्या, बायांची गाणी टिपत.

गाणी स्वच्छ उतरली. गायिकांची नावं मात्र कुठेच नाहीत.

"परक्या बाईले नाव कसं विचारावं?" गुरुजी म्हणाले. "पण नावं नाही मिळाली, तर माझं काम अर्धंच राहील."

म्हणून आज आम्ही दोघं त्या गायिकांपैकी एका आजींकडे गेलो. मी गाणं लावलं. त्यांनी आवाज लगेच ओळखले.

"हे दिघोरीवाली. मांगून बोंबलते थे साकोलीवाली. रोवे कमी, बोले जास्त."

"त्यांची खरी नावं?" मी विचारलं.

"माहेरच्या गावानंच हाक मारत होतो आमी. नाव कोन पुसते?"

गुरुजी म्हणाले, "तुमचं तरी सांगा."

"मी शहापूरवाली."

"ते मले माहीत आहे. नाव."

आजी हसल्या. "आता पुसून राहिले, गुरुजी?" त्यांनी पदर सारखा केला आणि माझ्या माइककडे वळून सांगितलं, "सगुणा." मग जरा मोठ्यानं, पुन्हा एकदा.

एक नाव मिळालं. तुमच्यापैकी कोणाची आजी दिघोरीहून किंवा साकोलीहून पवनीकडे सासरी आली होती का? तिचं नाव कळवा. गुरुजी वाट पाहत आहेत.