‘आनो ने’च्या पुढचे शब्द

नवरा साप्पोरोच्या विद्यापीठात होता, तेव्हा मी सहा वर्षं होक्काइदोच्या, म्हणजे जपानच्या उत्तरेकडच्या बेटाच्या, लांबलांबच्या गावांत जाऊन काम केलं. मी स्पीच थेरपिस्ट. मुंबईत शिकले, लग्न होऊन जपानात आले, आणि सगळं जपानीत पुन्हा शिकून, परीक्षा देऊन इथलं लायसन्स मिळवलं.

महिन्याचा पहिला गुरुवार एका ऐनू घराचा. ऐनू म्हणजे होक्काइदोचे मूळ रहिवासी, जपानी लोक तिथे येण्याच्या आधीपासूनचे. गाडीने चार तास. शेवटचं कोन्बिनी, म्हणजे चोवीस तास उघडं असणारं दुकान, मागे पडलं की एका अंगाला घोड्यांची कुरणं, दुसऱ्या अंगाला समुद्र. उन्हाळ्यात किनाऱ्यावरच्या गोट्यांवर कोम्बू, म्हणजे समुद्री शेवाळाच्या लांबच लांब पट्ट्या, वाळत पडलेल्या असायच्या. काचा लावल्या तरी त्याचा वास आत यायचा.

घरात दोघीच. आजी पंच्याऐंशीच्या आणि त्यांची साठीतली मुलगी. पक्षाघाताने आजींची उजवी बाजू आणि वाचा गेली होती. समजायचं सगळं. बोलता मात्र एवढंच यायचं, ‘आनो ने’. आपण ‘अगं, ऐक ना’ म्हणतो ना, तसं. ‘आनो ने’ म्हणायच्या, डोळे मोठे व्हायचे, ओठ हलायचे, आणि पुढे काहीच नाही.

पहिल्याच दिवशी मुलगी म्हणाली, “सेन्सेई,” इथे डॉक्टर-शिक्षकांना असंच म्हणतात, “लहानपणापासून आई मला बजावायची, आपण ऐनू आहोत हे बाहेर बोलू नकोस, शाळेत मुलं चिडवतील. घरातसुद्धा तिने आमची भाषा कधी तोंडातून काढली नाही. आणि आता दिवसभर म्हणते, ऐक ना. मी ऐकतेय हो, पण काय ऐकू?”

मी नेहमीची चित्रं पुढे ठेवली. ट्रेन, छत्री, तिकिटाचं मशीन. आजींनी डाव्या हाताने ती हळूच बाजूला सारली. पाच महिने असेच गेले. परतताना गाडीत मी एकटीच मोठ्याने मराठीत बोलायचे, घरी गेल्यावर स्वयंपाक काय करायचा वगैरे. घरी माझी मुलगी माझ्या प्रत्येक मराठी वाक्याला जपानीत उत्तर द्यायची. तेव्हा माझं मनसोक्त मराठी काय ते त्या रस्त्यावरच.

सहाव्या महिन्यात आरसा समोर धरून मी जिभेचे व्यायाम घेत होते. जीभ वर, जीभ बाहेर. मग सहज, गंमत म्हणून, जीभ टाळूला लावून लांब ‘र्र्र्र’ केलं. माझी आई असं करत मला घास भरवायची. आजी आरशातून माझ्याकडे बघत राहिल्या. आणि त्यांच्या तोंडून तोच आवाज आला, माझ्यापेक्षा मऊ, मध्येच चढणारा. डावा हात मांडीवर थोपटू लागला. आवाजाला चाल आली आणि चालीत शब्द आले. पाच शब्द, अगदी स्पष्ट. जपानी नव्हते.

मुलगी दारात कोम्बूच्या जुड्या बांधत बसली होती. हातातली जुडी घेऊन तशीच आत आली.

“हे मी ऐकलंय,” ती म्हणाली. “सेन्सेई, हे मी ऐकलंय. मला झोपवताना.”

ती आईच्या पायाशी बसली. “आई, याचा अर्थ काय गं?”

आजी हसल्या. “आनो ने,” म्हणाल्या, आणि थांबल्या.

गाणं आणि बोलणं मेंदूत वेगवेगळ्या वाटांनी येतं, असं मी तिला समजावू लागले. तिचं लक्ष नव्हतं. तिला अर्थ हवा होता, आणि तो आजींच्या आतच राहिला होता.

त्यानंतरचे गुरुवार वेगळेच झाले. आजी गायच्या आणि मुलगी तो ‘र्र्र्र’ शिकायची. जपानीत तो लागत नाही, त्यामुळे तिची जीभ वळायचीच नाही. “घशातून नाही, जिभेच्या टोकाने करा,” मी सांगायचे. आजी खांदे हलवून हसायच्या. गाण्यामागून हळूहळू थोडे जपानी शब्दही सुटले. पाणी. थंडी. एके दिवशी मुलीचं नाव. तेव्हा ती उठून मोरीपाशी गेली आणि बराच वेळ नळ वाहत राहिला.

मग नवऱ्याला दूर दक्षिणेला, टोकियोजवळच्या त्सुकुबाच्या संशोधन संस्थेत जागा मिळाली. शेवटच्या गुरुवारी आजींनी माझं मनगट धरलं. “आनो ने,” म्हणाल्या. मी वाट पाहिली. निघायची वेळ टळून गेली. त्यांनी मनगट सोडलं नाही, मीही सोडवून घेतलं नाही. शब्द आला नाही.

दोन वर्षांनी आजींच्या मुलीचं पोस्टकार्ड आलं. आजी झोपेतच गेल्या होत्या. ती आता दर शनिवारी गावच्या हॉलमध्ये ऐनू भाषेच्या वर्गाला जाते. वर्गात तीच सगळ्यात मोठी, शिकवणारी नातीच्या वयाची. गाण्यातल्या तीन शब्दांचे अर्थ लागले, असं तिने लिहिलं होतं. उरलेले दोन वर्गात कुणालाच माहीत नाहीत.

त्सुकुबात सगळं सोयीचं आहे. माझं थेरपी सेंटर घरापासून सायकलवर दहा मिनिटं. कधीमधी ग्योतोकुहून, टोकियोजवळच्या भारतीयांच्या वस्तीतून, एखादं मराठी जोडपं मुलाला घेऊन येतं. “आमच्याशी मराठीत बोलतच नाही हो, काहीतरी करा.” मी मुलाला तपासते, सांगते की त्याच्या बोलण्यात काही दोष नाही. त्यांचं समाधान होत नाही. माझंही होत नाही.

नवरा म्हणतो, उन्हाळ्यात जाऊन ये ना तिकडे. जावंसं फार वाटतं. पण त्या दाराशी उभी राहून काय सांगू? तिथे आता माझं काही काम नाही. तरी सकाळी फोन हातात घेतला की इथल्याआधी तिकडचं हवामान बघते. आज तिथे वारा आहे, समुद्र खवळलेला. कोम्बू काढायला होड्या निघाल्या नसतील.